आवाज आमच्या गावचा, फोल्डर त्यांचा

"व्हॉइस ॲपचं काम आलंय, घेऊ का?" असं विचारायला गोंदिया-भंडाऱ्याकडची मुलं-मुली मला फोन करतात. पैशांचं मी नंतर विचारते. आधी विचारते, रेकॉर्डिंग कुणाच्या ड्राइव्हवर राहणार? "ते काय, शेअर्ड फोल्डर आहे ना," असं उत्तर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्या कामाची वाट लावणाऱ्या नागपूरच्या एजन्सीचं नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण "आमगावच्या मॅडमचं ॲप बंद पडलं" असं ते लोक आजही सांगत फिरतात. ॲप मी बंद पाडलेलं नाही. ते का बंद पडलं, हे तारखेनिशी सांगते.

काम धानाचं होतं. बियाणं आणि औषधं विकणाऱ्या एका कंपनीला गूगल असिस्टंटवर शेतकऱ्यांशी बोलणारं ॲप हवं होतं. एजन्सीने ते काम घेतलं आणि माझ्याकडे दिलं. प्रश्न हिंदीत ऐकायचा असं ठरलं. उत्तर मात्र यंत्राच्या आवाजात नको, हे मी भांडून मान्य करून घेतलं. गादमाशी आणि करप्याबद्दल सांगणारा आवाज इकडच्या बाईचा हवा, इकडच्याच बोलीत हवा, तरच ऐकणारा फोन कानाला धरून ठेवतो. आमगावला माझ्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून आम्ही ती उत्तरं रेकॉर्ड केली. गावातल्या एका ताईंनी आवाज दिला. किती साफ बोलल्या त्या! त्यांच्या एकेका क्लिपचा मला आजही अभिमान वाटतो.

बांधणीत सगळ्यात जास्त वेळ ऐकण्याच्या भागात गेला. परे, म्हणजे धानाची रोपं, टाकल्यावर आमच्याकडचा माणूस विचारतो, "परे पिवरे पडून रायले, का मारू?" हिंदी ऐकायला बसलेलं यंत्र त्याचं "पर ये प्यारे" असं काहीतरी लिहून घेतं आणि फॉलबॅकवर जातं, म्हणजे "समझ नहीं आया, फिर से बोलिए". दोनदा असं झालं की शेतकरी फोन ठेवून देतो, तिसऱ्यांदा बोलत नाही. म्हणून मी खरेदी केंद्रावरच्या रांगेत, राइस मिलच्या फाटकाशी, रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून लोक तोच प्रश्न कसकसा विचारतात ते लिहून घेत गेले. पोवारी घरातला माणूस वेगळं विचारतो, सालेकसाकडचा छत्तीसगढी मिसळतो, देवरीकडच्या गोंड बाया हिंदीतच विचारतात पण पिकाचे शब्द त्यांचे स्वतःचे असतात. यंत्र चुकीचं काय ऐकतं, तेही मी इंटेंटमध्ये, म्हणजे प्रश्न ओळखण्याच्या यादीत, घालून ठेवलं. "पर ये प्यारे" ऐकू आलं तरी परे पिवळे पडल्याचंच उत्तर जाईल अशी सोय केली. हे काम पुण्या-मुंबईत एसीत बसून होत नाही. एजन्सीच्या बिलात मात्र त्याला "कंटेंट सपोर्ट" असं नाव होतं.

जून २०२२ मध्ये गूगलने जाहीर केलं की बाहेरच्या लोकांनी बनवलेली असिस्टंटवरची संवादी ॲप, ज्यांना ते कन्व्हर्सेशनल ॲक्शन्स म्हणत, १३ जून २०२३ला बंद होतील. सगळ्या जगाला वर्षभर आधी सांगून केलेली ही गोष्ट होती. त्याच आठवड्यात मी एजन्सीला मेल लिहिला. तारीख दिली, दोन वाटा दिल्या. एक, हेच सगळं साध्या फोन नंबरवर न्यावं. दोन, अलेक्साचं हिंदी स्किल करावं, पण तिथे स्किलच्या भाषांत हिंदी आहे आणि मराठी नाही, शिवाय खेड्यात स्पीकर कुणाच्या घरी आहे, हेही लिहिलं. मेलला उत्तर आलं नाही. फोन आला. "मॅडम, क्लायंटला आत्ता हे सांगायची गरज नाही. धंदा आम्हाला कळतो, तुम्ही कोडिंग बघा." मी फोन ठेवल्याबरोबर त्या बोलण्याचा गोषवारा मेलने त्यांना पाठवला : आज फोनवर आपण असं म्हणालात, मी त्याला असहमत आहे. तो मेल आज माझा सगळ्यात मोठा आधार आहे. नव्याने काम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. ज्याला कागदावर यायचं नसतं तोच फोन करतो. बोलणं संपलं की दहा मिनिटांत ते लिहून पाठवा.

१३ जून म्हणजे मृगाचे दिवस. आमच्या जिल्ह्यात परे टाकायची तेव्हाच घाई असते. नेमकं तेव्हाच ॲप गेलं. कंपनीला एजन्सीने सांगितलं की डेव्हलपरने देखभाल केली नाही. माझा शेवटचा हप्ता अडवला. त्यांच्या हिशेबनीसाने मला विचारलं, "ॲपच चालत नाही तर बिल कशाचं?" ज्या गोष्टीची मी वर्षभर आधी लेखी सूचना दिली, तिचं खापर माझ्याच डोक्यावर फोडलं.

तरी मी गप्प बसले असते. पैसे बुडण्याची या धंद्यात सवय करून घ्यावी लागते, असं मला सगळेच सांगत होते. पण २०२४च्या खरिपात देवरीहून मावसभावाचा फोन आला. "ताई, तुझ्या घराजवळच्या त्या बाई फोनवर धानाचं सांगून रायल्या, नवा नंबर निघाला का?" मी नंबर मागून घेतला आणि लावला. कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं, एक दाबा, दोन दाबा झालं, आणि मग आमच्या ताईंचा आवाज. तुडतुड्याची माहिती. शेवटच्या वाक्यामागे मालगाडीचा भोंगा.

तो भोंगा मी ओळखते. आमगाव हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहे, रेकॉर्डिंग करताना आम्हाला गाड्यांची वेळ बघून थांबावं लागायचं. त्या एका क्लिपमध्ये भोंगा आला होता, म्हणून फाइलच्या नावातच मी "पुन्हा घ्यायची" असं लिहून ती कच्च्या फोल्डरमध्ये ठेवली होती. पक्की क्लिप वेगळी होती, ॲपमध्ये तीच वाजायची. म्हणजे एजन्सीने ॲपमधून काही उचललं नव्हतं, तपासणीसाठी मी उघडून दिलेला कच्चा फोल्डर सरळ उतरवून घेतला होता, फाइलचं नाव वाचायचे कष्टही न घेता. माझ्या हाताला कापरं भरलं. मी तो कॉल परत लावला आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून घेतला.

एजन्सीचं म्हणणं : पैसे देऊन करून घेतलं, म्हणजे सगळं आमचं. कायदा तसं म्हणत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आमच्या करारात रेकॉर्डिंगच्या हक्कांबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. वकिलाची नोटीस गेल्यावर त्यांनी भोंग्याची क्लिप तेवढी काढली. बाकीच्या अजून वाजतात.

पैशांपेक्षा जास्त लागली ती ताईंची गोष्ट. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमी तं म्हनल्या होत्या, एकाच कामासाठी हाय. आता लोक इचारतात, कंपनीनं किती देल्ले?" त्यांच्या सासरी यावरून बोलणी झाली. एजन्सीतल्या एकालाही त्यांना फोन करावासा वाटला नाही. पाच शब्दांची माफीसुद्धा नाही. बोलणाऱ्याचा विचार करणारेही आहेत. पालघर जिल्ह्यातल्या अमळे गावच्या लोकांकडून 'कार्या' या उपक्रमाने मराठी वाक्यं मोबाइलवर बोलून घेतली होती, त्यावरचा संशोधन-निबंध २०२०चा आहे. तीच 'कार्या' पुढे संस्था म्हणून, डेटा पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्याला पुन्हा पैसे, या तत्त्वावर उभी राहिली. म्हणजे हे करता येतं. करायची नियत लागते.

आता जे या कामात उतरणार आहेत त्यांच्यासाठी. कच्ची रेकॉर्डिंग कधीच शेअर करू नका. तपासायला द्यायचं तर कमी दर्जाची प्रत द्या, मूळ फाइल तुमच्या डिस्कवर राहू द्या. फोनच्या लाइनवर आवाज एरवीही ८ किलोहर्ट्झवर उतरतो, त्यामुळे तपासणाऱ्याचं काही अडत नाही. लोक प्रश्न कसे विचारतात याची यादी कुणाच्याही प्लॅटफॉर्मच्या कन्सोलमध्ये एकटी ठेवू नका, स्वतःच्या तक्त्यात ठेवा. कन्सोल दुसऱ्याचा असतो. मायक्रोसॉफ्टने कॉर्टानाची बाहेरची स्किल २०२०मध्ये बंद केली, गूगलने २०२३मध्ये ॲक्शन्स. उत्तरं देणारा भाग स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर पुढचं दार बदललं तरी घर उभं राहतं. सर्व्हर चपळ ठेवा, अलेक्सा उत्तरासाठी आठ सेकंद थांबते आणि मग बोलणंच तोडते.

करार वाचल्याशिवाय सही करू नका, हे तर कुणीही सांगेल. मी म्हणते, "प्लॅटफॉर्म बंद झाल्यास जबाबदारी डेव्हलपरची नाही, आणि केलेल्या कामाचे पैसे थांबणार नाहीत" हे वाक्य जसंच्या तसं त्यात घालून घ्या. ते काढायला सांगणाऱ्याचं काम घेऊ नका. काम हातात घेण्याआधी उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराला पंचेचाळीस दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, अडवले तर बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. मोठ्या शहरातले लोक आपल्याला हे माहीत नसेल असं गृहीत धरूनच बोलतात.

आणि स्पीकरच्या मागे फार धावू नका. शेजारच्या छत्तीसगढमध्ये सीजीनेट स्वरा २०१०पासून साध्या फोनवर चाललं. मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करतं, माणूस गोंडीत नाहीतर हिंदीत आपलं म्हणणं रेकॉर्ड करतो. ना इंटरनेट, ना कुणाचा स्पीकर. मराठी ऐकणाऱ्या प्रणाली आता भाषिणीवर आणि आयआयटी मद्रासच्या एआय४भारतकडे उघड्या मिळतात. मात्र आमच्या झाडीपट्टीतली बोली त्यांना आपोआप कळेल असं समजू नका, रांगेत उभं राहून लिहून घेण्याचं काम तुम्हालाच करावं लागेल, आणि त्याचे पैसे वेगळ्या ओळीत मागा.

आवाज देणाऱ्या माणसाची परवानगी कागदावर तर घ्याच, पण ती त्याच्याच आवाजात, पहिल्या फाइलच्या सुरुवातीला रेकॉर्ड करा : नाव, तारीख, कुठल्या कामासाठी, किती वर्षांसाठी. मी आता धानाची माहिती देणारी फोनसेवा स्वतः उभी करते आहे. त्याच ताई बोलतात. कागदावर दोन वर्षं लिहिली आहेत, तिसऱ्या वर्षी आवाज वापरायचा तर नवा कागद आणि नवे पैसे, असं त्यांनीच लिहून घेतलं.