क्रूझ कंट्रोल रुसला तर...

मित्रांनो, शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझ्या मराठीत इंग्लिश डोकावणारच, तेवढं सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या दाराशी आलेला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आपल्या संभाजीनगरहून सावंगीला वर चढलं की समोर सरळसोट रस्ता आणि कारला १२० ची मर्यादा. जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये ज्या बटणाकडे कोणी बघत नव्हतं, ते क्रूझ कंट्रोलचं बटण मग सगळ्यांना आठवायला लागलं. आणि ते चालत नाही, हेही तेव्हाच कळायला लागलं!

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. याचा जनक राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनिअर लहानपणापासून अंध होता. त्याचा वकील बोलता बोलता गाडी कधी हळू, कधी जोरात चालवायचा, त्या धक्क्यांना कंटाळून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते आलं. म्हणजे ज्याला स्वतःला रस्ता दिसत नव्हता, त्याने आपल्या पायाला आराम दिला!

तत्त्व आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरातलंच. आपण ठरवलेला वेग वजा चाकांच्या सेन्सरने सांगितलेला वेग म्हणजे एरर. एररच्या प्रमाणात ईसीयू थ्रॉटल उघडतो. पण नुसतं प्रमाण पुरत नाही. चढावर गाडी १०० ऐवजी ९६ वरच रेंगाळेल. म्हणून साचत गेलेली एररही मोजतात, तोच आपला इंटिग्रल. व्हायवाला हे उदाहरण द्या, सर खूश होतात.

आता मुद्दा. क्रूझ चालू करायला ईसीयूला बऱ्याच गोष्टींची खात्री लागते : वेग पुरेसा आहे, ब्रेकवर पाय नाही, क्लच दाबलेला नाही, वेगाचा सेन्सर बरोबर बोलतोय. एकाही बाबतीत शंका आली की तो सरळ नकार देतो. म्हणजे बऱ्याचदा क्रूझ बिघडलेला नसतोच, तो रुसलेला असतो. आणि रुसव्याचं कारण शोधायचं सोडून आपण बटणं बदलत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

माझ्या मामांच्या गाडीचं हेच झालं. डॅशबोर्डवर क्रूझचा दिवा लागायचा, पण 'सेट' दाबलं तरी वेग पकडायचा नाही. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंगवरचा अख्खा स्विच सेट बदलायला सांगितला. त्याच महिन्यात सकाळी दोनदा बॅटरी डाऊन, म्हणून बॅटरीही नवी टाकून झाली होती. मामा म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग बघ की जरा!"

मी स्टिअरिंगला हात लावला नाही. तिथे एअरबॅग असते, ते काम माहीतगाराचंच. क्रूझचा दिवा लागतोय, म्हणजे निदान ते बटण तरी ईसीयूपर्यंत पोचतंय. मग मित्राचा ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावला. फॉल्ट कोड एकही नाही! इथेच बरेच जण थांबतात. पण लाइव्ह डेटा उघडला, तर ब्रेक पेडल : ऑन. पाय तर कोणाचाच नव्हता. गाडीच्या मागे जाऊन पाहिलं, तर ब्रेक लाइट भर दुपारी लालभडक.

आता खाली वाकायचं. पेडलच्या वरच्या बाजूला ब्रेक स्विच असतो. पेडल वर असताना त्याची छोटी दांडी आत दाबलेली राहते, पेडल दाबलं की दांडी बाहेर येते आणि लाइट लागतो. बऱ्याच गाड्यांत दांडी जिथे टेकते तिथे पेडलच्या भोकात एक छोटं रबरी बूच असतं. ते वर्षानुवर्षं उन्हात वाळून तुटलं होतं, त्याचे तुकडे पायपुसण्यावरच सापडले. दांडी भोकातून आरपार, म्हणून ईसीयूच्या मते मामांचा पाय कायम ब्रेकवर. रात्रभर लाइट जळून बॅटरी संपायची तीही त्यामुळेच. दुखणी दोन, कारण एक. मोंढ्याकडे स्पेअर पार्टच्या दुकानात ते बूच चहा-पोह्याच्या पैशात मिळालं.

बूच शाबूत असेल तर स्विच मल्टिमीटरने तपासा. त्यात सहसा दोन सर्किट असतात आणि ईसीयू दोघांची साक्ष ताडून बघतो. साक्ष जुळली नाही तर पी०५०४ हा कोड येतो.

एक मात्र हात जोडून सांगते. दांडी टेपने दाबून ठेवायची किंवा वायर परस्पर जोडायची, असला जुगाड करू नका. क्रूझ लागेल, पण ब्रेक मारल्यावर तो सुटेलच याचा भरवसा गेला. शिवाय ब्रेक लाइट कायम बंद किंवा कायम चालू, दोन्ही सारखेच वाईट. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर पळते. आपण ब्रेक मारला हे मागच्याला कळलंच नाही, तर त्याच्याकडे वेळ किती उरतो, हिशोब तुम्हीच करा. दुरुस्तीनंतरची पहिली परीक्षाही हीच : मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावा, ब्रेकला हलकासा पाय लावा, तो तत्काळ सुटला पाहिजे. आणि पावसात ओल्या रस्त्यावर तो लावूच नका.

मेसकडे जाताना आपण रोज स्टाफ पार्किंगमधून जातो. लॉक केलेल्या एखाद्या गाडीचे मागचे लाल लाइट जळताना दिसले, तर वॉचमनकाकांना सांगून मालकाला निरोप द्या. सरांची बॅटरी वाचेल, आणि कदाचित त्यांच्या मागून येणारा कोणीतरीसुद्धा.