फॉरमॅटच्या हुकमापूर्वी

क्लाउडवरील सर्व्हरला नवे स्टोरेज व्हॉल्यूम जोडणे आता इतके सुलभ झाले आहे, की फॉरमॅटचा हुकूम एकदा अमलात आला म्हणजे तो मागे घेता येत नाही, ही साधी गोष्ट अनुभवी माणसाच्याही नजरेआड होते.

एका संस्थेत घडलेला असा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. तेथील लिनक्स सर्व्हरला दोन व्हॉल्यूम जोडलेली होती. एक कोरे, तर दुसरे स्नॅपशॉटवरून तयार केलेले व जुन्या दप्तराने भरलेले. कोणते कोठे आहे याचे टिपण झाल्यावर सर्व्हर रीस्टार्ट झाला, आणि एनव्हीएमई डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने त्यांना नावे मिळत असल्यामुळे दोघांची नावे परस्परांत बदलली. टिपणाबरहुकूम काम झाले आणि दप्तराच्या जागी रिकामी फाइलसिस्टीम उभी राहिली. वास्तविक जुनी फाइलसिस्टीम आढळली, तर एक्सएफएसचे साधन काम नाकारते आणि ईएक्सटी-४चे संमती विचारते. परंतु टिपणातल्या हुकमात सक्तीचा पर्याय आधीच लिहिलेला असल्याने तोही अडसर उरला नव्हता. पुनर्स्थापनेचे काम माझ्याकडे आले, ते मूळ स्नॅपशॉट शिल्लक होता म्हणूनच तडीस गेले. स्नॅपशॉटनंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

शेताचा व्यवहार करणारा मनुष्य बांधावरून अंदाज न करता सात-बाऱ्यावरील गट क्रमांक पाहतो, तशीच खातरजमा येथेही करावी. व्हॉल्यूम जोडण्यापूर्वी व जोडल्यानंतर 'एलएसबीएलके' चालवून कोणती डिस्क नव्याने आली ते पाहावे आणि तिचा आकार ताडून घ्यावा. अॅमेझॉनच्या नायट्रो सर्व्हरवर व्हॉल्यूमचा आयडीच डिस्कचा अनुक्रमांक म्हणून दिसतो. तो सर्वांत भरवशाचा दाखला होय. नंतर 'फाइल -एस'ने डिस्क तपासावी. ओळखीची फाइलसिस्टीम वा पार्टिशन आढळल्यास तेथेच थांबावे, आणि भरलेल्या व्हॉल्यूमचा ताजा स्नॅपशॉट घेतल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. फाइलसिस्टीम निवडतानाही दूरदृष्टी हवी; एक्सएफएस वाढविता येते, पण व्यवहारात लहान करता येत नाही.

माउंट करताना 'एफस्टॅब'मध्ये डिस्कचे नाव न लिहिता यूयूआयडी लिहावा. यातही एक मेख आहे. स्नॅपशॉटवरून तयार झालेल्या प्रतीचा यूयूआयडी मुळाचाच असतो, आणि दोन्ही एकाच सर्व्हरला जोडली असता एक्सएफएस दुसरे व्हॉल्यूम माउंट करण्यास नकार देते. अशा वेळी व्हॉल्यूमचा आयडी हाच निर्णायक पुरावा मानावा.

नोंद केल्यावर रीस्टार्टची वाट न पाहता 'माउंट -ए' व 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवावे; कारण नोंदीतील डिस्क न सापडल्यास सिस्टमडी सामान्यतः ९० सेकंद थांबून सर्व्हरला आणीबाणीच्या अवस्थेत नेते, आणि मग दूरस्थ लॉगिनही मिळत नाही. 'नोफेल' या पर्यायाने हे टळते खरे. पण मग व्हॉल्यूम जोडले गेले नसतानाही सर्व्हर सुरू होतो, प्रोग्राम त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत लिहीत राहतो, मूळ डिस्क भरत जाते, आणि पुढे व्हॉल्यूम माउंट झाले की त्या फाइली त्याखाली झाकल्या जातात. म्हणून डेटाबेससारखा प्रोग्राम माउंट झाल्यावरच सुरू होईल, अशी तजवीज सिस्टमडीच्या 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' या ओळीने करून ठेवावी.

टिपणात डिस्कचे नाव न ठेवता व्हॉल्यूमचा आयडी नोंदवावा, सक्तीचा पर्याय तेथे कधीही लिहू नये, आणि अंतिम हुकूम सहकाऱ्याकडून एकदा वाचून घ्यावा. याला वेळ अल्पच लागतो. आणि जे दप्तर इतरांनी वर्षानुवर्षे लिहून आपल्या स्वाधीन केले, ते आपल्या घाईपायी नष्ट होऊ देण्याचा अधिकार आपणांस नाही.