वेष्टनावरील शेकडा : कशाचा आणि कशात?

प्राथमिक शाळेत शेकडेवारी येते ती बहुधा सावकाराच्या व्याजाबरोबर अथवा वाण्याच्या नफ्याबरोबर. तेथे रुपयांचे प्रमाण रुपयांशीच काढावयाचे असते. म्हणून 'शंभर कशाचे?' हा प्रश्न विद्यार्थ्यास पडत नाही. औषधाच्या बाटलीवर मात्र तोच पहिला प्रश्न होय.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीतील पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणावर '५ टक्के डब्ल्यू/व्ही' आणि त्याच औषधाच्या मलमावर '५ टक्के डब्ल्यू/डब्ल्यू' असे छापलेले आढळते. डब्ल्यू म्हणजे वजन, व्ही म्हणजे आकारमान. तिरक्या रेघेआधीचे अक्षर औषधाचे, नंतरचे सबंध मिश्रणाचे. अर्थात १०० मिलिलिटर द्रावणात ५ ग्रॅम औषध आणि १०० ग्रॅम मलमातही ५ ग्रॅम. द्रव मापून ओततात, मलम तोलून घेतात, एवढ्यासाठीच ही दोन मापे. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवावर पुष्कळदा 'व्ही/व्ही' असते. तेथे ७० टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ७० मिलिलिटर मद्यार्क. तोच द्रव वजनाने तपासल्यास मद्यार्क सुमारे ६२ टक्केच भरतो. यात लबाडी नाही, मद्यार्क पाण्याहून हलका असतो इतकेच.

मुलांची चूक बहुधा 'सबंध मिश्रण' या शब्दांपाशी होते. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ टाकले की १० टक्क्यांचे द्रावण झाले, असे ती सांगतात. शिक्षकांनी हे द्रावण वर्गात करून तोलावे. त्याचे वजन ११० ग्रॅम भरते. म्हणजे वजनाने मीठ सुमारे ९.१ टक्के. वजनाने १० टक्के हवे असल्यास पाणी ९० ग्रॅमच घ्यावे लागेल. वजन/आकारमानाने १० टक्के हवे असल्यास मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मग १०० च्या खुणेपर्यंत पाणी घालावे. १ मिलिलिटर पाणी सुमारे १ ग्रॅम भरते, त्यामुळे पातळ द्रावणांत हा भेद झाकला जातो; मिठाच्या दाट द्रावणात तो काट्यावर दिसतो.

तापावरील पॅरासिटामॉलच्या बाबतीत हिशेबाची चूक अंगावर येते. त्याच्या बाटलीवर सहसा टक्के नसतात. 'दर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' असे असते. १०० मिलिलिटरला हे २.५ ग्रॅम, म्हणजे वजन/आकारमानाने २.५ टक्के झाले. दुसऱ्या बाटलीत ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम असते. ते ५ टक्के. तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्के. बाटली लहान, मूल लहान, तेव्हा औषधही सौम्य असणार, असा घरच्या माणसांचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तिघांत तेच सर्वांत तीव्र. पहिल्या औषधाच्या चमच्याने, म्हणजे ५ मिलिलिटर, हे थेंब पाजले गेले तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम औषध पोटात जाते. अशी चौपट मात्रा पुन्हा पुन्हा दिली गेल्यास बालकाच्या यकृतास गंभीर इजा होऊ शकते. किती द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. परंतु घरात वेष्टन वाचणारे पहिले माणूस पुष्कळदा शाळेत जाणारे मूल असते.

विद्यार्थ्यांनी घरून रिकामी खोकी आणावीत व त्यांवरील आकडे १०० मिलिलिटरच्या मापात मांडावेत. वजन/आकारमानाने १ टक्का म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, ही चावी त्यांनी स्वतःच शोधावी. ती आयती देण्याची घाई नको. नंतर पुढील उदाहरण घालावे : २.५ टक्क्यांची ६० मिलिलिटरची बाटली आणि १० टक्के थेंबांची १५ मिलिलिटरची बाटली, यांपैकी कोणत्या बाटलीत एकूण औषध अधिक? बहुतेक हात मोठ्या बाटलीसाठी वर होतील. उत्तर दोन्हींचे एकच येते, १.५ ग्रॅम.