थकवा, निद्रानाश आणि शेवटी सांगितली जाणारी तक्रार

पेडणे तालुक्यातील हळर्ण हे गाव शापोरा नदीकाठच्या जुन्या किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अशा गावातून सकाळच्या बसने आरोग्य केंद्रात येणाऱ्या स्त्रीची तक्रार पुष्कळदा ठरलेली असते. अंगात त्राण नाही, कंबर दुखते, रात्री झोप लागत नाही. आणि सर्वांत शेवटी, आवाज उतरवून, ‘अंगावर पांढरे जाते’. तरुण पुरुषाचे गाऱ्हाणेही याच जातीचे असते. तो ‘धातू जाते’ असे म्हणतो, परंतु डॉक्टरांपेक्षा भिंतीवरील जाहिरातीतील वैद्यालाच ते आधी सांगतो. दोघांच्याही हाती बहुधा शक्तिवर्धक औषधाची बाटली येते व तक्रार जेथल्या तेथेच राहते.

या तक्रारींचे मूळ कोठे असते, याविषयी मनोविकारशास्त्रात जे संशोधन झाले त्यातील एक महत्त्वाचा भाग गोव्यातच पार पडला आहे. ही गोष्ट खुद्द गोमंतकात जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही.

गोव्यातील स्त्रियांची पाहणी

1996 साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू शतकाच्या आरंभी उत्तर गोव्यात 18 ते 45 वर्षे वयाच्या 2494 स्त्रियांची पाहणी केली. या स्त्रिया रुग्णालयात आलेल्या नव्हत्या. त्या वस्तीतून निवडलेल्या होत्या, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. त्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या, तसेच जंतुसंसर्गाच्या व रक्ताच्या तपासण्याही करण्यात आल्या.

थकव्याविषयीचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. सुमारे 12 टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा जाणवत होता. थकवा म्हणजे रक्त कमी, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ आहे की त्याची कोणी परीक्षाच करीत नाही. या पाहणीत मात्र रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि थकव्याची तक्रार यांत संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो दारिद्र्याशी, मनाच्या उदासीनतेशी व चिंतेशी, घरात निर्णयाचे स्वातंत्र्य नसण्याशी, कुटुंबाचा आधार नसण्याशी, आणि पतीकडून होणाऱ्या लैंगिक बळजबरीशी. हे शेवटचे कारण औषधाच्या चिठ्ठीवर कधी उतरत नाही, कारण त्याविषयी कोणी विचारीत नाही.

पांढरे जाण्याच्या तक्रारीबाबतही असेच घडले. ही तक्रार सुमारे 14 टक्के स्त्रियांनी सांगितली. त्याच स्त्रीसमूहात प्रजनन मार्गाचा संसर्ग सुमारे 28 टक्के स्त्रियांना होता. परंतु त्यातील बहुतेक संसर्ग शरीरात मुळातच वास करणाऱ्या जंतूंमुळे झालेले होते. समागमातून पसरणारे रोग 4 टक्क्यांच्या आसपासच होते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, तक्रार करणे आणि संसर्ग असणे या दोन गोष्टींचा मेळ फारसा बसत नव्हता. तक्रारीचा अधिक बळकट संबंध मानसिक ताणाशी व कारण न सापडणाऱ्या इतर शारीरिक दुखण्यांशी होता.

केवळ तक्रार ऐकून गुप्तरोगाचे औषध दिले तर काय होते, याचा विचार येथे करावा लागेल. औषध पतीलाही घेण्यास सांगितले जाते, घरात संशय शिरतो, व आधीच ताणाखाली असलेल्या स्त्रीवर आरोपाची भर पडते. जिला खरोखरच संसर्ग आहे पण जी बोलत नाही, ती उपचाराविना राहते ती वेगळीच. तपासणीवाचून इलाज नाही, हे दोन्ही बाजूंनी खरे आहे.

अशी पाहणी एका वेळची असल्यामुळे ताणातून तक्रार उपजली की तक्रारीतून ताण वाढला, हे तिच्यावरून निश्चित सांगता येत नाही. थकव्याच्या रुग्णाचे रक्त, मधुमेह व थायरॉइड तपासू नये, असाही तिचा अर्थ नव्हे. तपासण्या निर्दोष निघाल्या म्हणजे ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाला परत पाठवावयाचे नाही, एवढा अर्थ निश्चित आहे.

धातूचे भय

पुरुषांच्या तक्रारीला शास्त्रीय नाव मिळाले ते 1960 साली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी वीर्यनाशाच्या भयातून येणारा अशक्तपणा, निद्रानाश, छातीची धडधड, उदासीनता व लैंगिक दुर्बलतेची भीती या लक्षणसमूहास ‘धात सिंड्रोम’ म्हटले. आयुर्वेदाने सांगितलेल्या सात धातूंत शुक्र हा शेवटचा; त्यावरून रक्ताच्या चाळीस थेंबांतून त्याचा एक थेंब बनतो अशा समजुती लोकांत पसरल्या. हा केवळ आपलाच भोळेपणा, असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधील तिसो नावाच्या डॉक्टराने हेच भय साऱ्या युरोपात पसरविले होते.

मराठीत या भयाविरुद्ध र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लेखन केले व त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्याही चढल्या. झोपेत वीर्यस्खलन होणे हे तारुण्यातील स्वाभाविक शरीरधर्माचे लक्षण आहे. त्याने शक्ती जात नाही. शक्ती जाते ती रात्र-रात्र जागून केलेल्या काळजीने. शाळेतील वरच्या वर्गांच्या शिक्षकांनी एवढे एक वाक्य संकोच न बाळगता सांगितले, तरी अनेक मुलांचे पैसे व मनःस्वास्थ्य वाचेल.

मनात रुजलेली कल्पना देहावर कसा अंमल करते, याचा विचार प्रथम करणाऱ्यांत एक गोमंतकीय होता, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. 1756 साली कांदोळी येथे जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहननिद्रेचे प्रयोग करीत. ही निद्रा कोणा चुंबकीय द्रवामुळे नव्हे, तर त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनामुळे येते, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यांचा ग्रंथ 1819 साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी निघाला.

निद्रा व लैंगिक स्वास्थ्य

1953 साली शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील एक विशिष्ट अवस्था दाखवून दिली. तीत मिटल्या पापण्यांआड डोळे जलद हालतात व स्वप्ने पडतात. पुढील संशोधनात असे दिसले की, निरोगी पुरुषाच्या इंद्रियास या अवस्थेबरोबर रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. स्वप्नाचा विषय कोणताही असो. याचा उपयोग निदानासाठी झाला. ज्यास जागेपणी अडचण येते पण पहाटे ताठरता येते, त्याच्या नसा व रक्तवाहिन्या बहुधा ठीक असतात आणि अडचण चिंतेची असते. पहाटेचीही ताठरता नाहीशी झाली असेल, तर मधुमेह, रक्तदाब, दारू व चालू औषधे यांचा तपास करावा. चाळिशीनंतर ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकते.

अपुऱ्या झोपेचा परिणाम संप्रेरकांवर होतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा दिवसा त्यांचे टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरले. रात्रपाळी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडकणे ही लक्षणेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत.

निद्रानाशावर गोळी हा पहिला उपाय नव्हे. बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 साली सुचविलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते: झोप आल्यावरच अंथरुणावर जावे, झोप व समागम यांखेरीज अंथरूण वापरू नये, झोप न आल्यास उठून बसावे, आणि सकाळी रोज ठरल्या वेळी उठावे. एकाच खोलीत सारे कुटुंब झोपते तेथे हे नियम जसेच्या तसे पाळणे कठीण. तरी उठण्याची वेळ ठरविणे कोणालाही शक्य आहे.

उपचार कोणी करावा?

प्रत्येक गावास मनोविकारतज्ज्ञ मिळणार नाही. यावर गोव्यातच झालेला ‘मानस’ हा प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. 24 केंद्रांतील 2796 रुग्णांचा त्यात समावेश होता. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी धीर देणे, समजावणे व पाठपुरावा ही कामे केली. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे 66 टक्के रुग्ण बरे झालेले आढळले; नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही.

आरोग्यसेविकेने तक्रार ऐकताना स्त्रीशी एकटीशी बोलण्याची सोय करावी. सासू किंवा पती शेजारी असता बळजबरीची गोष्ट ओठांवर येत नाही. झोप कशी लागते, हा प्रश्न आधी विचारल्यास पुढचे बोलणे सोपे जाते. अधिक उपचारांसाठी बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे, आणि ज्यांना समोरासमोर बोलणे अवघड वाटते त्यांच्यासाठी 2022 पासून 14416 या क्रमांकावर शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.