चौघांचे नवे घर

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर असे चार श्वान होते. दडवून ठेवलेली स्फोटके हुंगून शोधणे हे त्यांचे काम. स्फोटकाचा वास लागला म्हणजे असा श्वान भुंकत नाही, पंजाने उकरीतही नाही. तो मुकाट्याने त्या वस्तूजवळ बसतो. एवढ्यावरून त्याला हाताळणारा शिपाई काय ते ओळखतो. एका ओरखड्यानेही घात व्हावयाचा, म्हणून ही शिस्त! २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. त्या वेळी त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या गजबजलेल्या स्थानकात मागे ठेवलेले दोन हातबॉम्ब सीझरने शोधून दिले. त्यामुळे किती जणांचे प्राण वाचले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे हे चौघेही वृद्ध झाले. आठ-दहा वर्षांच्या श्वानाचे सांधे आखडतात, दृष्टी मंदावते, धाप लागते. मग त्याला सेवेतून मुक्त करावे लागते. निवृत्त झालेला माणूस आपल्या घरी जातो. परंतु पोलीस श्वानाचे घर म्हणजे पथकातील त्याची खोली, आणि ती तर नव्या श्वानाला हवी असते. मग म्हाताऱ्याने जावे कोठे?

हाच प्रश्न पुष्कळदा घरच्या कुत्र्यापुढेही उभा राहतो. मालकाची बदली होते, किंवा त्याला सांभाळणाऱ्या आजीच अंथरुणाला खिळतात. पिल्लू मागावयास दहा जण येतात. म्हाताऱ्या कुत्र्याला मागणारा विरळाच. तो भेटला, तरी लगेच साखळी त्याच्या हाती देऊन मोकळे होणे हे निष्ठुरपणाचे आहे. दिवसा घरी कोण असते, जिने किती चढावे लागतात, हे आधी विचारावे. कुत्र्याचे दुखणेखुपणे लपवू नये. मागाहून ते कळले, की बिचाऱ्याची पुन्हा हकालपट्टी व्हावयाची. कुत्रा घर ओळखतो तो नाकाने. म्हणून त्याचे जुने गोणपाट त्याच्याबरोबर द्यावे, आणि तेही न धुता! (स्वच्छतेची आवड असणाऱ्यांना हे रुचणार नाही.) जेवणाची वेळ तीच ठेवावी. अन्न बदलणे भागच असेल, तर ते जुन्या अन्नात थोडेथोडे मिसळून आठवडाभरात बदलावे. पहिले काही दिवस तो दाराशी बसून राहील, पुरते जेवणारही नाही. त्याला रागावू नये. तो कोणाची वाट पाहत असतो, हे सांगावयास नको.

मुंबईच्या त्या चौघांचे भाग्य थोर म्हणावे लागेल. विरार येथील एका प्राणिप्रेमी महिलेच्या शेतावर त्यांची सोय झाली, आणि ती चौघांचीही एकाच ठिकाणी! जागा नवी, माणसे नवी, परंतु सोबती मात्र जुने. वृद्ध प्राण्याला याहून मोठा आधार कोणता असणार?

तेथे त्यांना धावपळ नव्हती, कर्कश शिट्ट्या नव्हत्या. पण वय कोणाला चुकले आहे? २०१६ च्या एप्रिल महिन्यात मॅक्स गेला, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर. टायगरच्या मागे सीझर एकटा उरला. तो उदास राहू लागला. माणसे जवळ होती, प्रेमाने त्याचे करीत होती. त्याला हवा होता तो मात्र टायगर. ऑक्टोबर महिन्यात विरारच्या त्या शेतावरच सीझरनेही प्राण सोडला.