सर्व्हर हाती घेतोस, तर एवढं ऐक

बाबू, उद्यापासून कॉलेजचा सर्व्हर तुझ्याकडे. त्यावर अॅप्लिकेशन एकच आहे, पण त्याचे पाथ तीन: /प्रवेश, /निकाल आणि /वसतिगृह. तिन्हींसाठी तीन वेगळ्या प्रती चालव, असं कुणी ना कुणी सांगेलच. ऐकू नकोस. प्रत्येक प्रत वेगळी मेमरी खाते, आणि दुरुस्ती एकीत होऊन दुसरीत राहून जाते. पुढे एन्जिनएक्स उभा आहे. तिन्ही पाथ त्यालाच एका पोर्टवर वळवू दे.

वळवताना लक्ष ठेवायचं ते शेवटच्या स्लॅशवर. प्रॉक्सी-पासमध्ये पोर्टच्या आकड्यापुढे स्लॅश दिलास, तर लोकेशनशी जुळलेला भाग कापला जातो आणि त्याच्या जागी तो स्लॅश बसतो. दिला नाहीस, तर ब्राउझरने पाठवलेला पाथ जसाच्या तसा आत पोचतो. आपल्याला पूर्णच पाठवायचा आहे. ताडोब्यात मोहर्लीहून शिरा की कोलाऱ्याहून, जंगल तेच. पण परवान्यावर गेटाचं नाव असतं आणि ते कुणी फाडून टाकत नाही. इथेही पाथ कापलास, तर निकाल बघायला आलेली पोरगी आणि प्रवेशाला आलेला पोरगा अॅप्लिकेशनला सारखेच दिसतात. अॅप्लिकेशनने पानावर दिलेल्या लिंकाही मग पाथ गाळूनच येतात आणि दाबल्या की कुठेच जात नाहीत. दुसऱ्याने लिहिलेलं अॅप्लिकेशन गळ्यात पडलं आणि कापण्यावाचून इलाज नसला, तर कापलेला भाग त्याला वेगळा कळव. पायथनमध्ये त्यासाठी स्क्रिप्ट-नेम आहे.

साध्या पाथमध्ये एन्जिनएक्स फाइलीतला क्रम बघत नाही, सगळ्यात लांब जुळणारा घेतो. रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलंस की ते एरवी त्यालाही मागे टाकतं, आणि तिथे मात्र आधी लिहिलेलं जिंकतं. तीन पाथसाठी त्या भानगडीत पडू नकोस. आणखी एक: नुसतं /निकाल लिहिलंस तर /निकालपत्र सुद्धा त्यातच येतं. नको असेल तर बरोबरचं चिन्ह लावून /निकाल वेगळा लिही, आणि /निकाल/ वेगळा.

देवनागरी पाथला लोक उगाच घाबरतात. ब्राउझर अक्षरांचे टक्क्याच्या खुणांचे तुकडे करून पाठवतो, पण एन्जिनएक्स ते उलगडूनच लोकेशनशी जुळवतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलीस की झालं. फक्त एसएमएसमध्ये असा पाथ देऊ नकोस. ‘वसतिगृह’ ही सात चिन्हं, त्यांची खुणांसकट ६३ अक्षरं होतात. तिथे रोमन लिपीतला छोटा पाथ दे आणि तोही याच अॅप्लिकेशनकडे वळव. अर्धे लोक ‘वसतीगृह’ असं दीर्घ लिहितात, त्यांच्यासाठीही एक ओळ घाल. शुद्धलेखन चुकलं म्हणून पोराला राहायची जागा मिळू नये, हे मला पटत नाही.

जुने पाथ तर मारूच नकोस. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं नागपूर विद्यापीठाकडून तिकडे आली. अशा बदलात पत्ते फिरतात, पण गावात चिकटवलेला कागद तसाच राहतो. आपल्या जिल्ह्याचंच सरकारी संकेतस्थळ बघ: जिल्हा चंद्रपूर झाला तरी पत्ता चांदा.एनआयसी.इन असाच आहे, आणि त्यापुढे /ईएन जोडलं की तेच संकेतस्थळ इंग्रजीत उघडतं.

जुन्या पाथवरून नव्याकडे रिडायरेक्ट करण्यापेक्षा दोन्ही आतूनच एका ठिकाणी वळव. रिडायरेक्ट म्हणजे ब्राउझरला आणखी एक फेरी. चंद्रपुरात ती जाणवत नाही. एटापल्लीकडे, किंवा पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटलेलं असताना, जिथे नेटवर्कच धड नसतं तिथे ती फेरी जड जाते. त्याहून वाईट म्हणजे भरलेला फॉर्म ३०१ वर आदळला की ब्राउझर पोस्टचा गेट करतो आणि मजकूर वाटेतच गळतो. करायचंच असेल तर ३०८ वापर, तो मजकूर सांभाळतो. दोन्ही कायमचे रिडायरेक्ट ब्राउझर लक्षात ठेवतो, म्हणून आधी ३०७ ने तपासून घे.

कुकीचा पाथ नुसता स्लॅश ठेव, नाहीतर /प्रवेशला लॉगिन केलेल्याला /निकालवर पुन्हा पासवर्ड मागितला जाईल. त्याच डोमेनवर दुसरं अॅप्लिकेशन असेल, तर कुकीचं नाव मात्र वेगळं हवं.

फाइल बदललीस की आधी एन्जिनएक्सची चाचणी चालव, मगच रीलोड कर. रीस्टार्ट नको; अर्धा फॉर्म भरून कुणीतरी बसलेलं असतं. नंतर कॉलेजच्या वायफायवरून नव्हे, मोबाइलच्या नेटवरून तिन्ही पाथ उघडून बघ, शेवटी स्लॅश देऊन आणि न देता. प्रवेशाच्या दिवसांत रोज संध्याकाळी लॉगमधले ४०४ वाच. एकच चुकीचा पाथ पुन्हा पुन्हा दिसला, तर तो कुठल्या तरी छापील पत्रकातून येतोय असं समज आणि त्याच रात्री त्याची ओळ घाल.