बसमधल्या ताईला पत्र

चि. मृणाल हिस,


काल फोनवर तुझा आवाज सारखा भरून येत होता, म्हणून बोलणं आवरतं घेतलं. आता लिहिते.

पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला, तुमची शाळेची बस मागून धडकली, समोरची काच तडकली आणि चौथीतल्या एका मुलीच्या ओठाला टाके पडले. बाकी मुलं सुखरूप आहेत. तू रडत होतीस ती त्यानंतरच्या तासाभरामुळे. पालकांच्या ग्रुपवर एकच गदारोळ, कुणी तुलाच जाब विचारतंय, आणि एका वडिलांनी भर रस्त्यात चालककाकांची कॉलर धरलेली. मुलं खिडकीतून ते सगळं बघत होती.

मला त्या शेवटच्या गोष्टीचं फार वाईट वाटलं. धक्का बसतो क्षणभर. तो किती मोठा होता, हे लहान मूल जवळच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचतं. रोज ज्यांच्या भरवशावर घरी येतो त्या काकांचीच कॉलर कुणी धरतंय, हे पाहिल्यावर पोरांनी कुणावर विश्वास ठेवायचा? काकांची चूक असेल तर चौकशी कडक व्हावी, मी त्यांची बाजू घेत नाही. पण ती मुलांच्या डोळ्यांदेखत नको. पुन्हा असं झालं तर तू मध्ये उभी राहा आणि ठणकावून सांग, ‘आधी मुलं, मग बाकीचं.’ वयानं लहान आहेस म्हणून कचरू नकोस. बसमध्ये त्या वेळी तूच मोठी असतेस.

मुलांना नुसतं ‘गप्प बसा’ म्हणू नकोस, त्यांना काम दे. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या वॉरेन शहरात शाळेच्या बसची चालक चालत्या गाडीत बेशुद्ध पडली. बसमध्ये साठाहून जास्त मुलं होती. सातवीतला एक मुलगा पुढे धावला, त्यानं स्टिअरिंग धरलं, ब्रेक दाबून बस थांबवली आणि इतरांना ओरडून मदतीसाठी फोन करायला सांगितलं. त्याच्याजवळ मोबाइल नव्हता. त्यामुळे चालक काय करते, ते तो रोज बघत आला होता.

आपल्या वाघोलीचं तर तुला आठवत असेल. जानेवारी २०२२ मध्ये तिथली बायका-मुलं मोराची चिंचोली हे गाव पाहून मिनीबसनं परतत होती. वाटेत चालकाला फिट आली. गाडीत रडारड सुरू झाली. त्यांतल्या एकीला मोटार चालवता येत होती, बस तिनं कधी चालवली नव्हती. तरी ती चालकाच्या जागेवर बसली, त्याला दवाखान्यात पोचवलं आणि सगळ्यांना घरी आणलं. मला त्यातलं चालकाला आधी दवाखान्यात नेणं फार मोलाचं वाटतं. गाडीतल्या पोरांनी त्या दिवशी जे पाहिलं, ते पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

म्हणून आतापासून जोड्या लाव. मोठ्या मुलानं लहानाचा हात धरायचा, एकानं डोकी मोजायची, एकीनं प्रथमोपचार पेटी आणायची. ११२ आणि १०८ हे दोन आकडे पहिलीतल्या पोरालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

आता बसच्या नियमांबद्दल आणि आपत्कालीन दाराबद्दल. आपल्या राज्यात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. आपत्कालीन दार, अग्निशामक, वेगमर्यादा, मुली असतील तर महिला मदतनीस, हे सगळं त्यात आहे. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेची परिवहन समिती असते. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारीही असतात. ग्रुपवर भांडणाऱ्या किती पालकांना ही समिती ठाऊक आहे? त्यांचा राग खोटा नाही, काळजीपोटीच आहे. तो या समितीच्या बैठकीत मांडायला त्यांना सांग. दाराचं सांगते: मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत एका कंपनीच्या मिनीबसला आग लागली. मागचं दार उघडलं नाही आणि चार कर्मचारी आतच मृत्युमुखी पडले. ती मोठी, धडधाकट माणसं होती. दार आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस, ते मुलांच्या हातानं उघडतं का ते बघ.

पालकांना बातमी ताबडतोब आणि एकाच ठिकाणाहून जायला हवी. एप्रिल २०२२ मध्ये सांताक्रूझला शाळा सुटल्यावर मुलांची एक बस काही तास घरी पोचली नाही आणि फोनही लागेना. मुलं सुखरूप परतली, पण तोवर आईबापांचा जीव टांगणीला लागला होता. कुठे आहोत, कोण जखमी, कुठल्या दवाखान्यात नेतोय, एवढं सरळ लिही. खरं तेवढंच लिही. जखमी मुलीचा फोटो कुणी टाकला तर काढायला लाव.

येत्या आठवड्यात मुलांकडे नीट लक्ष दे. कुणाचं सकाळी पोट दुखेल, कुणी आईला सोडणार नाही, कुणी पुन्हा पुन्हा तीच तडकलेली काच चित्रात काढेल. त्यांना नाटकी म्हणू नकोस, कुणाला म्हणू देऊ नकोस. बोलायचं असेल तर ऐक, नसेल तर खोदून विचारू नकोस. ‘आता कधीच काही होणार नाही’ असं वचन देऊ नकोस, ते आपल्या हातात नाही. ‘मी जवळ आहे, काय करायचं ते मला ठाऊक आहे,’ एवढं म्हण. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप उडालेली असेल, भीती कमी होत नसेल, तर समुपदेशकाकडे पाठवायला पालकांना संकोच वाटू देऊ नकोस. आणि ओठाला टाके पडलेल्या पोरीच्या घरी स्वतः जा. ती बसमध्ये पुन्हा चढेल त्या दिवशी तिच्या शेजारी बस.

सोमवारी बस निघण्याआधी काकांना भेट. त्यांचीही ती रात्र झोपेविना गेली असेल. मग दोघं मिळून मागचं दार मुलांकडून उघडून घ्या. अडकलं, तर ते दुरुस्त झाल्याशिवाय बस हलू देऊ नकोस.

तुझी,
मावशी